पंखाखालचं लाल फडकं

दसरा जवळ आला की चौसाळ्याच्या चौकात झेंडूचे ढीग पडतात आणि माझं डोकं फिरतं. फुलांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, हे मला कळतं. पण पोत्यांत दाबून आणलेल्या, घामेजलेल्या झेंडूचा तो कडसर वास नाकात शिरला की आमच्या जिल्ह्यातले सगळे हौशी महाभाग एका ओळीत उभे दिसायला लागतात. जेसीबीच्या बकेटात बसून पाहुण्यांवर फुलं उधळणारे. क्रेनला लटकून हार घालणारे. जीपच्या काचेवर एवढा मोठा हार चढवणारे की चालवणाऱ्याला पुढचा रस्ता दिसू नये, आणि वर छाती काढून सांगणारे, "देवाची किरपा हाय, अजून एकबी ॲक्सिडेंट न्हाई." देव बिचारा. त्याला काय काय सांभाळायला लावतात हे लोक.

मी विमान शिकवते. शेकडो माणसं पोटात घालून नेणारं नव्हे, दोघांचं. शेजारी शेजारी दोन खुर्च्या, पुढं एक पंखा, दोघांच्याही गुडघ्यांमधे एकेक दांडी, आणि वजन असं की चार माणसांनी मनावर घेतलं तर शेडमधून ढकलत बाहेर आणता येतं. आमच्याकडं ते बघायला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "आयला, हे तर खेळण्यातलं वाटतंय." वाटतंय ना? तिथंच माती होते. मोठ्या विमानाला माणूस वचकून असतो. ह्याला वचकत नाही. ह्याच्याशी तो मोटारसायकलीशी वागतो तसा वागतो, आणि मोटारसायकलीशी आमच्याकडं कसं वागतात ते हायवेवर तासभर उभं राहून बघावं.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला आणि मग काही न सांगता गेला. नवरात्र बसलं तसा कापूस फुटायला लागला. गेवराई सोडून चकलांब्याकडं निघालं की दोन्ही अंगांना पांढरंच पांढरं. बायका पोटाला ओटी बांधून वाकलेल्या. सकाळी पऱ्हाटीवर दव, दुपारी ऊन असं की डोळे उघडवेनात, आणि संध्याकाळी फवारणीच्या औषधाचा वास हवेत तसाच थांबलेला. माझ्या शहरातल्या क्लबाची धावपट्टी तेव्हा दुरुस्तीला काढली होती. मी घरी, चौसाळ्याला येऊन बसले होते आणि भावाच्या किराणा दुकानात साखरेच्या पुड्या बांधत होते.

महादेवदादा माझा थोरला भाऊ. अंगानं दणदणीत, आवाजानं त्याहून. दुकानाच्या गादीवर बसला की गादी दिसत नाही. सायकल त्यानं शिकवली मला, मागं सीट धरून धापा टाकत पळत. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, मला विमान शिकायला पाठवलं तेव्हा आमच्या लिंगायत बिरादरीत कुजबुज सुरू झाली. एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, पोरीला उडायला सोडली, आता हाताला लागती व्हय. दादा वाढप्याच्या हातातली बुंदीची परात घेऊन त्या माणसापुढं उभा राहिला. म्हणाला, "आमच्या पोरीचं आमी बघू. तुमी जेवा." आणि त्याच्या पानात एवढी बुंदी ओतली की त्याला उठता येईना. ह्या एका गोष्टीसाठी मी दादाचे हजार मूर्खपणे पोटात घालते.

तर अशा त्या दिवसांत भैय्या दुकानात आले. भैय्यांना नाव असेलच, पण ते कुणी घेत नाही. फ्लेक्सवरही नुसतं 'भैय्या' असतं, खाली शुभेच्छुकांची थोबाडं. वडील पुढारी, अण्णासाहेब. जमीन डोळा पोचेल तिथपर्यंत. भैय्यांच्या डोळ्यांवर काळा गॉगल, तो दुकानाच्या अंधारातही उतरला नाही, त्यामुळे ते माझ्याशी बोलताहेत की गुळाच्या ढेपेशी ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी हौसेनं दोन सीटचं विमान घेतलं होतं. कुठंतरी जाऊन थोडंसं शिकलेही होते, म्हणजे पोहायला जाऊन पाय भिजवून आले होते. लायसन अजून हातात नव्हतं. चकलांब्याकडच्या शेतात मुरमाची पट्टी दाबून घेतली होती, पत्र्याचं शेड बांधलं होतं. आता पुढचं शिकवायला कुणीतरी हवं होतं.

"शिकवायचं म्हंजे तसं काई न्हाई ताई," भैय्या म्हणाले. "हात बसलाय. फक्त संगं ऱ्हावा."

मी गेले. कामाला वखवखले होते, आणि आकाश त्या दिवसांत इतकं धुतलेलं होतं की दुकानात बसवेना.

त्या पट्टीवरच्या सकाळी मात्र मला अजून आठवतात आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पट्टीच्या कडेनं कापूस. दवात भिजलेला मुरूम बुटाखाली करकरायचा. शेडचं दार सरकवलं की आतून पेट्रोलचा आणि रात्रभर कोंडलेल्या पत्र्याचा वास यायचा. विमान बाहेर ढकलायचं आणि मग मी त्याच्याभोवती फिरायला लागायचे. पंख्याच्या पात्याच्या कडेवरून बोट फिरवून चीर लागते का बघायची. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल बाटलीत काढून खाली पाणी बसलंय का बघायचं. चाकं दाबायची. शेपटीची फळी वरखाली हलवायची. प्रत्येक खिळ्याला, प्रत्येक बिजागरीला हात. आणि मधे कुणी हाक मारली, फोन वाजला, तर कुठं थांबले होते ते आठवत बसायचं नाही. सरळ पहिल्यापासून सुरू करायचं. माझ्या गुरुजींनी ही सवय माझ्या हाडात घातलीय.

भैय्यांना ह्याची फार मजा वाटायची. त्यांच्यासोबतच्या गड्यांनी ह्याला नाव ठेवलं होतं, बाईची परदक्षिणा. भैय्या मुद्दाम मधेच हाक मारायचे, मी परत पहिल्या चाकाशी जायचे, आणि सगळे फिदीफिदी हसायचे.

"ताई, कावून एवढ्या परदक्षिणा? देवळात हाय का आपण?"

"काल ठीक होतं म्हणून आज असेल असं नाही, भैय्या."

"नवं कोरं विमान हाय. शोरूमचा वास बी गेला न्हाई."

वाऱ्याचं भान राहावं म्हणून मी पट्टीच्या टोकाला कापडी पिशवी लावली होती, वारा भरला की फुगून दिशा दाखवणारी. एका सकाळी ती गायब, जागेवर पक्षाचा झेंडा. म्हणे तोही वाऱ्यानंच हलतो. हलतो, खरंय. पण जरीच्या झालरीनं जड झालेला तो झेंडा वारा चांगला जोराचा झाल्याशिवाय हलतच नव्हता, आणि त्याला काढा म्हणायची कुणाची टाप होती?

आता त्या लाल फडक्याचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. समोरून येणारा वारा तिच्यात शिरतो आणि त्यावरून आतल्या काट्यावर वेग दिसतो. विमानाचा सगळा जीव वेगात. वेग कमी झाला की पंख विमानाला उचलून धरत नाहीत, मग वर कितीही तालेवार माणूस बसलेला असो. आणि आमच्याकडं कुंभारमाशी फार. भोक दिसलं की त्यात चिखल भरून घर करते. म्हणून विमान उभं असताना त्या नळीला टोपी घालायची. टोपीला लाल कापडाची लांब पट्टी असते, विसरू नये म्हणून, डोळ्यांत खुपावी म्हणून. तिच्यावर इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, उडण्याआधी काढा. बस. एवढाच त्याचा अर्थ. ह्याच्यापेक्षा सोपं वाक्य जगात कुणी लिहिलं नसेल.

मी ती टोपी रोज भैय्यांच्या डोळ्यांदेखत काढायचे. रोज सांगायचे, "धावपट्टीवर पळताना हा काटा उठला नाही तर थांबायचं. विचार करायचा नाही, थांबायचं." भैय्या गॉगलमधून मान हलवायचे.

घरी आले की जेवताना माझी तीच टकळी. वहिनी भाकरी थापत, दादा ताटावर, आणि मी लाटणं गुडघ्यांमधे उभं धरून बसलेली. "बघ दादा, वेग मेला की ही दांडी हातात थरथरते. माणसाला खाली जमीन दिसते, तो घाबरून दांडी पोटाशी ओढतो. ओढली की संपला. पुढं ढकलायची. नाक खाली. जमीन समोर दिसत असली तरी नाक खाली." दादाच्या हातात लाटणं देऊन मी ते त्याच्याकडून करून घ्यायचे. तो एका हातानं पिठलं ओरपत दुसऱ्या हातानं लाटणं ढकलायचा. "झालं? उडालो का? आता जेवू दे माय. घास बी तुझ्या विमानासंगं गिळावा लागतोय." वहिनी तोंडाला पदर लावून हसायची.

खंडेनवमीच्या दिवशी भैय्यांनी बेत सांगितला. उद्या अण्णासाहेब मिरवणुकीनं सीमोल्लंघनाला निघणार, भैय्या वरून फुलं टाकणार. फुलं चौसाळ्याच्या महादेवशेठची, म्हणजे आमच्या दादाची, आणि टाकायला शेजारी स्वतः महादेवशेठ.

मला आधी वाटलं चेष्टा आहे. मग वाटलं, चेष्टाच असती तर बरं झालं असतं. दुपारचं ऊन, तापलेली पातळ हवा, दादाचं वजन, वर फुलांची पोती. मिरवणुकीवर खाली खाली घिरट्या, आजूबाजूला विजेच्या तारा. पाकळ्या नाहीत, आख्खे हार, म्हणजे त्यातला एखादा दोरा मागं शेपटीत अडकला की झालं. आणि चालवणार कोण, तर ज्याला माणूस शेजारी बसवायची परवानगीच नाही तो. मी हे सगळं सांगितलं. शांतपणे सांगितलं, माझ्या स्वभावाच्या मानानं.

भैय्या म्हणाले, "ताई, तुमाला शिकवायला बोलावलंय. अडवायला न्हाई."

"अडवणं शिकवण्यातच येतं."

"आमच्या घरचा दसरा, आमच्या घरचं विमान. तुमी लई भेता."

"हो, भिते. म्हणूनच अजून जिवंत आहे."

गडी हसले. मी विमान दोराला बांधलं, नळीला टोपी घातली, लाल पट्टी नीट खाली सोडली आणि बॅग उचलून एसटी धरली. चावी घेऊन का नाही आलीस, असं पुढं मला शहाण्यासुरत्या लोकांनी विचारलं. भैय्या ती गळ्यातल्या सोन्याच्या साखळीत घालून फिरत होते. आता काय साखळी ओढू?

घरी दादाला म्हणाले, "उद्या जायचं नाही."

"शब्द दिलाय."

"कुणाला? त्या गॉगलला?"

"चौकात समद्यांम्होरं दिलाय. आता न्हाई म्हणलं तर लोक काय म्हणतील? वाण्याचं पोरगं, भ्यालं."

"म्हणू देत ना. लोकांच्या तोंडासाठी जीव देणार का तू?"

दादा थोडा वेळ गळ्यातल्या शिवलिंगाशी चाळा करत बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तू रोज बसतीस वर. मला बी एकडाव बघायचंय, आपला मुलूख वरून कसा दिसतोय ते." त्याचा तो चेहरा मला सहन झाला नाही आणि मी जास्तच ओरडले. म्हणाले, सोबत चालवणारा माणूस तरी धड बघ, बैल दे त्याला हाकायला, विमान नको. दादाही चिडला. जेवण तसंच राहिलं. सकाळी मी उठले तेव्हा फुलांचा टेम्पो आणि दादा दोन्ही गेले होते.

मी मागोमाग निघाले. सणाचा दिवस. गेवराईच्या अलीकडं रस्त्यावर ही गर्दी. हार घातलेली ट्रॅक्टरं, हार घातलेले ट्रक, वाळूचे हायवा डंपरसुद्धा नवरदेवासारखे सजून आडवे उभे. एसटी हलेना. मी फोन लावतेय, दादा उचलत नाही. शेवटी एका पोराच्या मोटारसायकलीवर मागं बसून निघाले. भैय्यांचं गाव अजून लांब होतं तेव्हाच डीजे ऐकू यायला लागला, आणि त्या धडधडीतून एक ओळखीचा बारीक आवाज. मी गाडी थांबवली आणि वर बघितलं.

विमान कापसावरून येत होतं. पार खाली, नाक वर करून, सुस्तावल्यासारखं. दादाच्या बाजूनं झेंडूचे हार खाली पडत होते. आणि डाव्या पंखाखाली काहीतरी लाल फडफडत होतं.

काय झालं होतं ते मागाहून कळलं. सकाळी विमानाची पूजा झाली. भैय्यांच्या आत्याबाईंनी हळदकुंकू लावलं. पंखाखालचं लाल कापड बघून त्यांना केवढा आनंद झाला. विलायतेत बी नजर मानतात म्हणाल्या. कुणीतरी म्हणालं, ती बाई ते काढत असते. आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. लाल हाय, शुभ हाय. उलट घट्ट बांध, सुटंल." मग त्यावर पूजेचा लाल-पिवळा धागा गुंडाळून सात जन्मांची गाठ मारली. भैय्यांनी मला ती टोपी रोज काढताना पाहिलं होतं. ते म्हणाले, आत्या म्हणती तर ऱ्हाऊ द्या. धावपट्टीवर पळताना काटा शून्यावरच बसला होता. भैय्यांना वाटलं काटा बिघडला, नंतर बघू. नंतर! जिल्ह्याचं ब्रीदवाक्य आहे ते, वेशीवर कोरून लावावं.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त ते लाल दिसत होतं. भैय्याला वेग कळत नाहीये, एवढं त्या लालनं मला सांगितलं. मी पऱ्हाटीत शिरले आणि ओरडायला लागले, नाक खाली, नाक खाली. वर कोण ऐकतंय. शेतातल्या बाया वेचणी थांबवून माझ्याकडं बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "कुणाचं नाक वं बाई?"

मिरवणुकीवर भैय्यांनी वळण घेतलं. खाली लोक हात हलवत होते, शिट्ट्या वाजवत होते, अण्णासाहेब उघड्या जीपमधे हात जोडून उभे. वळता वळता विमानाचा डावा पंख एकदम ढासळला. मी डोळे मिटले नाहीत. मला वाटलं, आता ते गरकन फिरणार आणि लोकांत उतरणार, दादा आतच. आणि मग नाक खाली गेलं. कुणीतरी झटक्यात रेटल्यासारखं. पंख सावरला, विमान लोकांच्या डोक्यावरून पुढं सरकलं, तारांच्या अलीकडं कापसात आपटलं, पुढचं चाक मोडलं आणि शेपटी वर करून उभं राहिलं.

मी धावले. पऱ्हाटीनं पाय सोलून निघाले ते नंतर दिसलं. भैय्या बाहेर येऊन आईच्या नावानं गळा काढत होते, गॉगल कुठंतरी गेला होता. गॉगलशिवाय पहिल्यांदाच पाहिलं मी त्यांना, अगदी साधे डोळे होते. दादा आत पट्ट्यात अडकलेला, एक पाय खाली चेपलेला, चेहरा राखेचा. त्याची उजवी मूठ दांडीवर होती. बोटं सुटता सुटेनात, मी एकेक करून सोडवली.

"सुमे," दादा म्हणाला, "फुलं पडली का गं नीट?"

मी त्याला तिथंच दोन ठेवून दिल्या असत्या. पण मी रडत होते.

दादाचा पाय वाचला, थोडा वाकडा राहिला. बाकी कुणाला ओरखडाही नाही. पण खरी गंमत पुढं. पहिल्या दिवशी गावात बोललं गेलं, त्या बाईनं रागानं लाल फडकं बांधून करणी केली. मी! करणी! मी ज्या कापडावर 'काढा' लिहिलंय ते बांधून आले म्हणून. मग अण्णासाहेबांच्या कुणा शहाण्या माणसाच्या लक्षात आलं की करणीपेक्षा कृपा जास्त शोभते. दिवाळीपर्यंत गोष्ट फिरली. लाल फडकं होतं म्हणूनच सगळे वाचले. भैय्यांचा सत्कार झाला, प्रसंगावधान राखून विमान लोकांपासून दूर नेल्याबद्दल. मोडकं विमान रंग देऊन फाट्यावर चबुतऱ्यावर बसवलंय. पोरं तिथं फोटो काढतात. चौकशा वगैरे व्हायच्या त्या झाल्या, भैय्यांची उडण्याची हौस तेवढी फिटली.

फडक्याची मात्र साथ आली. कुणीतरी तशीच पट्टी छापून घेतली, लाल कापड, पांढरी अक्षरं, स्पेलिंग तीन प्रकारचं. आता ती ट्रॅक्टरला असते, उसाच्या ट्रकला असते, पिकअपच्या आरशाला असते. एकदा मी ती एका नव्या पिठाच्या गिरणीला बांधलेली पाहिली. गिरणी, उडण्याआधी काढा! कपाळाला हात लावायला एक कपाळ पुरत नाही. इंग्रजी शाळा तर गल्लोगल्ली निघाल्यात, पण तेवढी तीन शब्दांची ओळ वाचून कुणाला प्रश्न पडत नाही. वाचतात, आणि परत घट्ट बांधतात.

आणि ती विकतं कोण? आमचा दादा. दुकानाच्या दारात, लिंबू-मिरचीच्या शेजारी लटकवलेली.

मागच्या काही दसऱ्यांना मी घरी आलेच नाही, त्यामागं हेही कारण होतं. यंदा भाचीनं, दादाच्या शिवानीनं, हट्ट धरला. कॉलेजला जायला तिला स्कूटर घेतलीय, पूजेला आत्या हवीच म्हणाली. आले. परवा दुकानात पाऊल टाकलं, झेंडूचा वास नाकात, समोर ती लाल रांग, आणि माझा तोल गेला.

"दादा, लाज कशी वाटत नाही तुला? तुझा पाय मोडला ह्या फडक्यापायी!"

"लोक मागत्यात," दादा म्हणाला.

"लोक विष मागतील."

दादा तराजूचं पारडं पुसत बसला. गिऱ्हाईक नव्हतं. मग पारड्याकडंच बघत म्हणाला, "भैय्यानं दांडी पोटाशी ओढली हुती. रडत हुता. माझ्याम्होरची दांडी बी थरथर करायला लागली. मला काई कळंना बघ. फक्त लाटणं आठवलं."

माझी नजर त्याच्या उजव्या मुठीवर गेली.

"ढकलली म्या. भैय्या वरडला, मारतो का बे मला. तरी ढकललीच."

"इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"कुणाला सांगू? लोकांना फडकं पायजे हुतं, लाटणं न्हाई. आन् तुला सांगावं तर तू येतीस कुठं."

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला आला, फडकं द्या म्हणाला. दादानं काढून दिलं आणि एकदम पुजाऱ्याच्या आवाजात बोलायला लागला, "ऐका. नुसतं बांधून लागू होत न्हाई. ह्याचा नेम हाय. गाडी उभी असली की बांधायचं. निघताना गाडीला एक परदक्षिणा घालायची, चाकं दाबायची, बिरेक बघायचा, आन् शेवटाला आपल्या हातानं फडकं सोडायचं. चालत्या गाडीला ऱ्हायलं तर उलटतंय."

"उलटतंय?" ट्रॅक्टरवाल्याचे डोळे मोठे झाले.

"माझा पाय बघा की."

त्यानं पाय बघितला. दोन्ही हातांनी फडकं घेतलं, कपाळाला लावलं, आणि बाहेर जाऊन खरोखरच ट्रॅक्टरभोवती फिरायला लागला. एका मागच्या चाकाशी थांबला, वाकला, हवा कमी आहे म्हणून गड्यावर खेकसला. मी दारातून बघत होते. मी घसा कोरडा करून शिकवलं असतं तर ह्यानं मला चहा पाजून वाटेला लावलं असतं. उलटतंय म्हटल्यावर लगेच वाकला! काय म्हणावं ह्या लोकांना. आणि दादाला तर काय म्हणावं तेही सुचेना.

काल दसरा झाला. स्कूटरची पूजा झाली, शिवानी किल्ली फिरवून निघणार, तोच दादा ओरडला, "थांब." लंगडत पायरी उतरला. पुढचं चाक दाबलं. ब्रेकच्या दोन्ही कांड्या आवळून बघितल्या. आरसा, हॉर्न, मागचं चाक. शेवटी हँडलवरची लाल पट्टी सोडून घडी करून खिशात घातली. शिवानी कंटाळून आभाळाकडं बघत होती. मी पायरीवर चहा पीत होते आणि मला गप्प बसवलं नाही.

"मागचा दिवा राहिला," मी म्हणाले.

दादा थांबला. मला वाटलं, आता मागं जाऊन तेवढा दिवा बघेल. त्यानं खिशातली पट्टी काढली, परत हँडलला बांधली, आणि पाय ओढत पुढच्या चाकाशी गेला.

"आता काय?" शिवानी ओरडली.

"आत्यानं मधी टोकलं," दादा चाक दाबत म्हणाला. "पहिल्यापासून करावं लागतंय."